पिपा जगभर पोहोचली ती कशाच्या बळावर?

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्त्यांनी वू मान या चिनी वादिकेचे पिपावादन (पिपा म्हणजे बोटांनी छेडून वाजवायचे चिनी तंतुवाद्य) प्रथम एकल ऐकले आणि ते त्यांना फार भावले. त्यानंतर त्यांनी क्रोनोस क्वार्टेट या अमेरिकी चौकडीबरोबर (दोन व्हायोलिन, व्हायोला आणि चेलो) वू मान यांनी वाजवलेले, तान डुन या चिनी रचनाकाराचे ‘घोस्ट ऑपेरा’ ऐकले, तेव्हा पाण्याचे, दगडांचे आणि कागदाचे आवाज, मधूनच जर्मन रचनाकार बाख यांचे सूर, मधूनच कुणाची आरोळी, या सगळ्यात पिपा कुठे गेली हेच त्यांना कळेना. त्यांची मुलगी सतार शिकते आहे. परंपरेचे वाद्य जगापुढे न्यायचे म्हणजे ते असे मोडावे-वाकवावेच लागते का, आणि एका वादकाच्या हातून एवढे काम होते तरी कसे, असे त्यांनी विचारले आहे.

आधी माझी भूमिका स्पष्ट करतो. मी सतार वाजवतो आणि शिकवतो. पिपा वाजवत नाही. पाश्चात्त्य तंतुवाद्यांच्या चौकडीबरोबर आणि लहान वाद्यवृंदांबरोबर वाजवण्याचे काम मात्र मी बरीच वर्षे करत आलो आहे, आणि त्या कामासाठी मला सर्वांत जास्त उपयोग झाला तो पिपेच्या ध्वनिमुद्रणांचा. छेडून वाजणाऱ्या, लगेच विरणाऱ्या नादाला गजाच्या वाद्यांत जागा कशी मिळवून द्यायची, ही अडचण दोन्ही वाद्यांना सारखीच आहे. चिनी संगीताच्या आतल्या सौंदर्यविचारावर अखेरचा शब्द त्या परंपरेत वाढलेल्यांचाच असला पाहिजे. मी लिहितो आहे ते शेजारच्या वाद्यावरच्या माणसाचे निरीक्षण समजावे.

‘वाद्य मोडले की टिकले’ ही प्रश्नाची मांडणी मला थोडी बदलावीशी वाटते. परक्या मंचावर वाद्य दोन रीतींनी जाते. एका रीतीत तिथली रचना आधीच तयार असते आणि आपले वाद्य तिच्यावर रंगाचा एक हात फिरवण्यापुरते बोलावलेले असते. दुसऱ्या रीतीत रचना त्या वाद्याच्या अंगातूनच निघालेली असते. हे ओळखण्यासाठी मी एक साधी कसोटी लावतो: त्या रचनेतून ते वाद्य काढून त्या जागी गिटार बसवून पाहावी, अर्थात मनातल्या मनात. काहीच बिघडले नाही, तर वाद्य तिथे शोभेपुरते होते. रचना कोसळली, तर ती त्या वाद्याची आहे, मग ती कितीही अनोळखी वाटो. वू मान यांच्या कामाकडे या कसोटीने पाहिले की बऱ्याच गोष्टी उलगडतात. त्यासाठी वाद्य थोडे जवळून पाहायला हवे.

पिपा साधारण मीटरभर उंचीची, नासपतीच्या आकाराची असते आणि मांडीवर उभी धरून वाजवतात. पाठ कठीण लाकडाची आणि तबली, म्हणजे पुढची फळी, हलक्या, मऊ लाकडाची असते. तारा चार. त्यांची नेहमीची मिळवणी आपल्या भाषेत सांगायची तर सा, म, प आणि वरचा सा अशी होते. गळ्यावर सहा जाड, उंच पडदे असतात आणि त्यांच्याखाली तबलीवर बांबूच्या बारीक पडद्यांची उतरंड असते. सतारीसारख्या तरफा, म्हणजे मुख्य तारांखाली आपोआप झणकारणाऱ्या तारा, नाहीत आणि जवारी, म्हणजे झंकार लांबवणारी घोडीची घडण, हीही नाही. त्यामुळे सतारीचा नाद मागे रेंगाळतो तसा पिपेचा रेंगाळत नाही. आघात झाला की स्वर स्वच्छ उमटतो आणि लगेच संपतो.

या संपणाऱ्या स्वराला धरून ठेवण्यासाठी उजव्या हाताची जी तयारी लागते, ती या वाद्याचा प्राण आहे. पाचही बोटांना कृत्रिम नखे चिकटपट्टीने घट्ट बांधलेली असतात. ‘लुन’ नावाच्या क्रियेत तर्जनी, मधले बोट, अनामिका आणि करंगळी एकामागून एक तार बाहेरच्या दिशेला उडवतात, पाचवा आघात अंगठा उलट बाजूने करतो आणि पुन्हा तर्जनी येते. हे इतक्या सारख्या वजनाने चालावे लागते की ऐकणाऱ्याला सुटे आघात न जाणवता एक सलग स्वर ऐकू यावा. सतारीच्या झाल्यात, म्हणजे शेवटच्या द्रुत भागात, आपण एका बोटातल्या नखीवर आणि चिकारीवर, म्हणजे बाजूच्या उंच स्वराच्या तारांवर, भागवतो. इथे करंगळीला तर्जनीइतके बळ आणावे लागते. कानाला पाच-पाचांचे गट मोजता आले, तर लुन अजून कच्चे आहे असे खुशाल समजावे. वू मान यांच्या एकल ध्वनिमुद्रणात संथ जागा लक्ष देऊन ऐका. तिथे हे गट सापडत नाहीत, आणि त्याच सलग स्वराच्या पोटात डावा हात तार ढकलून किंवा ओढून स्वर वाकवत असतो. सतारीवर तार ओढून घेतात त्या मींडेइतका हा वाक लांब नसतो, पण जात तीच.

आता शुद्धतेबद्दल. ज्या पिपेला आपण परंपरेची म्हणतो, तिच्यात गेल्या शतकात मोठे बदल झालेले आहेत. हे वाद्य मुळात मध्य आशियाच्या वाटेने चीनमध्ये आले. थांग राजवटीत, म्हणजे इ.स. ६१८ ते ९०७ या काळात, ते आडवे धरून मोठ्या नखीने वाजवत असत. तुनह्वांगच्या लेण्यांतील भित्तिचित्रांत तसे वादक दिसतात आणि जपानच्या बिवा या भावंड-वाद्याने नखी आजही सोडलेली नाही. पुढे चीनमध्ये नखी गेली, बोटे आली, वाद्य उभे राहिले. विसाव्या शतकात पडद्यांची संख्या वाढवून ते पाश्चात्त्य पद्धतीच्या समान अंतरांवर बसवले गेले आणि रेशमी तारांच्या जागी पोलादी तारा आल्या. पोलादामुळे आवाज मोठा झाला, आणि म्हणूनच नैसर्गिक नखांच्या जागी कृत्रिम नखे लागली. वू मान १९९० मध्ये अमेरिकेला गेल्या तेव्हा त्यांच्या हातात जी पिपा होती, ती वाद्यवृंदाशेजारी बसायला आधीच तयार झालेली होती. ही तयारी चीनमध्येच, चिनी वादकांनी आणि कारागिरांनी केली होती. ‘जगासाठी वाद्य बदलले’ असे म्हणणाऱ्यांनी हा क्रम ध्यानात घ्यावा.

वू मान यांची घडण या व्यवस्थेत झाली. जन्म १९६३, हांगझौ शहरातला. नवव्या वर्षी पिपा हाती आली आणि तेराव्या वर्षी बीजिंगच्या मध्यवर्ती संगीत महाविद्यालयाच्या शाळेत प्रवेश मिळाला. लिन शिचेंग आणि लिउ देहाई यांच्यासारख्या गुरूंकडे त्या शिकल्या. लिन शिचेंग हे पुदोंग घराण्याचे. होय, पिपेचीही घराणी आहेत. वूशी, पिंगहू, पुदोंग, छोंगमिंग अशी ती गावांच्या नावांनी ओळखली जातात, जसे आपण किराणा किंवा जयपूर म्हणतो. त्या महाविद्यालयातून पिपावादनात पदव्युत्तर पदवी मिळवणाऱ्या त्या पहिल्याच. त्या देशाबाहेर पडल्या त्या पूर्ण तयारीनिशी, हे मला फार महत्त्वाचे वाटते. प्रयोग करणाऱ्या कलाकाराबद्दल लोक सहज म्हणतात की याचा पाया कच्चा असेल म्हणून हा इकडे वळला. इथे ते म्हणण्याची सोय नाही.

पारंपरिक पिपासंगीताचे ढोबळमानाने दोन भाग करतात: शांत, भावप्रधान रचना आणि युद्धवर्णनाच्या रचना. दुसऱ्या प्रकारातली सर्वांत गाजलेली रचना ‘दहा दिशांनी वेढा’ या अर्थाच्या नावाची आहे, आणि वू मान ती मैफलींत वाजवत आल्या आहेत. इ.स.पू. २०२ मध्ये गाईशिया इथे लिउ बांग आणि शियांग यू यांच्यात निर्णायक लढाई झाली आणि तिच्यानंतर हान राजवट उभी राहिली. तिचे हे वर्णन आहे. आरंभी नगारे आणि शिंगे, मग सैन्याची आखणी, मग झुंज. झुंजीच्या भागात डावा हात दोन तारा एकमेकींवर चढवून पडद्यावर दाबून धरतो आणि उजवा हात त्या पिळलेल्या तारांवर आघात करतो. स्वर नाहीसा होतो आणि धातूवर धातू आपटल्याचा खणखणाट उरतो. ‘घोस्ट ऑपेरा’तल्या आवाजांनी दचकलेल्या श्रोत्याने ही रचना आधी ऐकावी, असे मी नेहमी सुचवतो. ‘हे संगीत आहे की आवाज’ हा प्रश्न जुन्या पिपावादकांनी आपल्या पद्धतीने केव्हाच निकालात काढला होता.

परदेशी श्रोत्यापुढे पिपा नेणाऱ्या वू मान काही पहिल्या नव्हेत. त्यांचे गुरू लिउ देहाई यांनी १९७९ मध्ये, बोस्टन सिम्फनी ऑर्केस्ट्राच्या चीन दौऱ्यात, सेइजी ओझावा यांच्या संचालनाखाली पिपेचे कॉन्चेर्तो, म्हणजे एकल वाद्य आणि वाद्यवृंद यांच्यासाठीची रचना, वाजवले होते, आणि त्याचे ध्वनिमुद्रणही निघाले. अमेरिकेत थांग लियांगशिंग यांच्यासारखे पिपावादक होते. त्यांना तिथल्या सरकारची राष्ट्रीय परंपरा-शिष्यवृत्ती १९९३ मध्ये मिळाली, वू मान यांना २०२३ मध्ये. म्हणजे दारे थोडी किलकिली झालेली होती. तरी स्थलांतरित वादकासमोरची नेहमीची अडचण होतीच: आपल्या समाजाच्या सण-समारंभांत वाजवायला बोलावणे येते आणि गोष्ट तिथेच थांबते. वू मान यांनीही न्यूयॉर्कमध्ये चिनी संगीतकारांच्या समूहाबरोबर वाजवत सुरुवात केली. पुढे जे घडले त्याचे मर्म मला एकाच गोष्टीत दिसते. त्यांनी जिवंत रचनाकारांना पिपेसाठी लिहायला लावले, आणि लिहिण्याआधी पिपा समजून घ्यायला लावले.

हे सोपे वाटते, पण आपल्याकडच्या उदाहरणाशी ताडून पाहा. पंडित रविशंकर यांनी १९७१ मध्ये लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राबरोबर आपले पहिले सतार-कॉन्चेर्तो वाजवले. त्याआधी व्हायोलिनवादक येहुदी मेन्युहिन यांच्याबरोबरची त्यांची ध्वनिमुद्रणे जगभर गेलेली होती. सतारीला एवढी ओळख कुणीच मिळवून दिली नाही, याबद्दल वाद नाही. पण ते कॉन्चेर्तो त्यांनी स्वतः रचले होते. बाहेरच्या रचनाकारांनी सतारीसाठी लिहिलेले आणि आजचे सतारवादक आपल्या नेहमीच्या कार्यक्रमात घेतात असे किती आहे, हे मोजायला बसलो तर एका हाताची बोटे उरतात. याची कारणे आमच्या संगीतातच आहेत: रागाचा विस्तार हा वादकाचा असतो, लिहून दिलेले वाजवण्याची आम्हाला सवय नाही आणि ती कमी प्रतीची गोष्ट मानली जाते. पिपेची परंपरा निराळी. तिथे रचना ठरलेल्या असतात, वादक त्यांत बारकावे भरतो. आपल्यासारखी तासभराची उपज, म्हणजे वाजवता वाजवता केलेला विस्तार, तिथे नाही. त्यामुळे लिहिलेली नवी रचना हाती घेणे पिपावादकाला स्वभावाने परके नव्हते. मोकळे वाजवण्याची कला वू मान यांना उलट अमेरिकेत, इतर देशांच्या वादकांबरोबर बसून कमवावी लागली.

क्रोनोस क्वार्टेटबरोबर त्यांचे काम १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला सुरू झाले. चौकडी ही जागा चांगली निवडली गेली, असे मी वादक म्हणून म्हणेन. पूर्ण वाद्यवृंदात पितळी वाद्ये एकदा सुरू झाली की छेडल्या जाणाऱ्या वाद्याला ध्वनिवर्धकाशिवाय गत्यंतर नसते, आणि ध्वनिवर्धक आला की वाद्य बाकीच्यांपेक्षा वेगळ्याच खोलीत बसल्यासारखे ऐकू येते. चौघांबरोबर तोल साधता येतो. तिथेही धोका आहेच. गजाचा स्वर सावकाश उमलतो आणि हवा तेवढा टिकतो. पिपेचा किंवा सतारीचा पहिल्या क्षणी सगळ्यांवर मात करतो आणि पुढच्या क्षणी त्यांच्याखाली बुडतो. अजाण रचनाकार यावर उपाय म्हणून पिपेला सतत लुन करायला लावतो, आणि मग ती गोड, थरथरणारी, पर्यटन खात्याच्या जाहिरातीतली पिपा तयार होते. जाणता रचनाकार तिच्या आघातानंतर जागा मोकळी सोडतो.

तान डुन यांचे ‘घोस्ट ऑपेरा’ १९९४ चे. तान डुन हुनान प्रांतातल्या खेड्यात वाढले, आणि मृतांशी, पूर्वजांशी संवाद साधणारे तिथले विधिनाट्य या रचनेच्या मुळाशी आहे. बाखचे एक प्रिल्यूड (छोटी वाद्यरचना), शेक्सपिअरच्या ओळी आणि भिक्षूंचे मंत्र हे सगळे त्या विधीत हजेरी लावणारे आत्मे आहेत. पाणी, दगड, धातू आणि कागद ही त्या विधीची सामग्री आहे. रचनेचे पाच अंक आहेत. प्रश्नकर्त्यांनी ती पुन्हा ऐकायची ठरवली, तर पहिल्या अंकापासून न ऐकता तिसऱ्यापासून सुरुवात करावी. तिथे पिपा ‘छोटा कोबी’ या अर्थाच्या नावाच्या लोकगीताशी संवाद करते. आई गेलेल्या पोरीचे ते गाणे चिनी घरांतून सर्वांना ठाऊक असते. ते गाणे एकदा कानात बसले की मग पहिला अंक ऐकावा. बाखच्या प्रिल्यूडच्या अंगाला त्याच गाण्याची चाहूल कशी लागते ते आपोआप ऐकू येऊ लागते. आता गिटारची कसोटी लावा. गिटारवर ते गाणे वाजेल, पण ज्या मंडळींच्या आठवणीतून ते उठते त्यांच्याशी तिचे काही नाते नाही. संवादातला एक पक्षच गैरहजर होईल. माझ्या मते या रचनेत पिपा हरवलेली नाही. ती तिथे एकल वादनासारखी सतत पुढे नसते इतकेच, आणि एकल वादनाची सवय असलेल्या आपल्या कानांना तेवढ्यानेच चुकल्यासारखे होते.

अमेरिकी रचनाकार लू हॅरिसन यांचे पिपा आणि तंतुवाद्यवृंदासाठीचे कॉन्चेर्तो १९९७ चे आहे. तेव्हा ते ऐंशी वर्षांचे होते आणि आशियाई वाद्यांचा अभ्यास त्यांनी उभ्या आयुष्यात केलेला होता. या रचनेचा एक भाग मी विद्यार्थ्यांना मुद्दाम ऐकवतो. त्यात पिपा, चेलो आणि डबल बास अशी तीनच वाद्ये आहेत आणि तिघेही वाद्याच्या अंगावर बोटांनी ठोके देत बोलतात. गजाच्या वाद्याने पिपेची भाषा उचलली, असे इथे होते. एरवी नेहमी उलटे घडते. दुसऱ्या एका भागात हॅरिसन पिपेला चक्क नेपल्सच्या मँडोलिनसारखे वाजवायला लावतात. माझ्या कसोटीवर हा भाग नापास होतो, मँडोलिनवर तो तितकाच शोभेल, पण म्हाताऱ्याने तो गमतीनेच लिहिला आहे आणि वू मान तो तशाच मिस्कीलपणे वाजवतात. कसोट्या एवढ्या कडक लावू नयेत, हेही त्यातून कळते.

टेरी रायली, फिलिप ग्लास, झोउ लोंग, चेन यी, ब्राइट शेंग, चाओ चीपिंग अशा आणखी अनेकांनी त्यांच्यासाठी किंवा त्यांच्या सहवासात पिपेसाठी लिहिले. सगळ्या कृती सारख्या तोलाच्या नाहीत आणि काहींत पिपा केवळ शोभेची आहे, असे मला स्पष्ट वाटते. पण गठ्ठा तयार झाला. त्यातल्या चांगल्या रचना आता दुसरे पिपावादकही वाजवतात. एखाद्या वादकाची कीर्ती त्याच्यानंतर ओसरते, पण लिहिलेली रचना पुढच्या पिढीच्या वादकाला एखाद्या वाद्यवृंदाकडे जाऊन ‘हे मी वाजवू शकते’ असे म्हणण्याचा आधार देते. ‘म्युझिकल अमेरिका’ या अमेरिकी संगीत-नियतकालिकाने २०१३ साठी वू मान यांना वर्षातील सर्वोत्तम वादक ठरवले, तेव्हा पाश्चात्त्य परंपरेबाहेरच्या वाद्याला तो मान पहिल्यांदाच मिळाला. त्यामागे हा गठ्ठा उभा होता, असे मी मानतो.

इथे परिस्थितीचा वाटा कबूल केला पाहिजे. तान डुन, झोउ लोंग आणि चेन यी हे तिघेही सांस्कृतिक क्रांतीनंतर बीजिंगचे मध्यवर्ती महाविद्यालय पुन्हा उघडले तेव्हाच्या पहिल्या तुकडीतले, आणि पुढे तिघेही न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. म्हणजे पिपा लहानपणापासून कानावर असलेले, पाश्चात्त्य स्वरलेखनात तरबेज असलेले आणि त्याच शहरांत राहणारे रचनाकार वू मान यांना समकालीन म्हणून मिळाले. असा योग प्रत्येक वाद्याच्या वाट्याला येत नाही. शिवाय नव्या रचनांसाठी पैसे देणाऱ्या संस्था तिथे होत्या, आणि क्रोनोससारखी, नवे मागवणे हाच जिचा धर्म, अशी चौकडी होती. चेलोवादक यो-यो मा यांनी १९९८ मध्ये सुरू केलेल्या, अनेक देशांच्या वादकांना एकत्र आणणाऱ्या सिल्क रोड उपक्रमातही वू मान आरंभापासून होत्या. त्या समूहात आपल्या बनारस बाजाचे तबलावादक संदीप दास यांच्यासह कितीतरी देशांचे वादक आहेत आणि त्यांच्या ध्वनिमुद्रणाला २०१७ मध्ये ग्रॅमी मिळाले. हे सगळे एका व्यक्तीच्या जिद्दीच्या खात्यावर मांडणे योग्य नाही. पण संधी समोर असताना दुय्यम जागा न स्वीकारणे हे त्यांचे स्वतःचे.

आणखी एक गोष्ट, जिच्याबद्दल आपल्याकडे फार कमी बोलले जाते. बाहेर स्थिरावल्यानंतर वू मान चीनच्या खेड्यांकडे परतल्या. महाविद्यालयात शिकलेल्या पिपावादकाला गावाकडचे संगीत फारसे ठाऊक नसते; सरकारी शिक्षणाने परंपरा टिकवली, पण ती नीटनेटकी करून टिकवली. शान्शी प्रांतातल्या ह्वायिनचे चांग कुटुंब सावल्यांच्या बाहुल्यांच्या खेळासाठी ‘लाओछियांग’ नावाचे रांगडे गायन पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहे. तिथे लाकडी बाकावर ठोकळा आपटून ताल धरतात आणि गळा फाटेपर्यंत गातात. त्या मंडळींना वू मान यांनी २००९ मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलच्या महोत्सवात आणले. २०१२ मध्ये त्यांनी पश्चिम चीन आणि मध्य आशियातल्या उइगुर, ताजिक आणि हुई संगीतकारांबरोबर ध्वनिमुद्रण केले, म्हणजे ज्या वाटेने पिपेचे पूर्वज चीनमध्ये आले त्याच वाटेवर त्या उलट गेल्या. तिथल्या वादकांच्या हातातली लांब दांडीची वाद्ये आणि पिपा शेजारी-शेजारी ऐकताना आपल्या सतारीचे नातलगही त्याच वाटेवर कुठेतरी उभे आहेत हे जाणवते. जगापुढे वाद्य नेण्याच्या नादात मूळ तुटते असे म्हणणाऱ्यांना माझे उत्तर हेच असते: इथे मुळाकडे जायला लागणारे बळ आणि पैसा बाहेरूनच मिळाला.

मराठी वाचकांसाठी एक जवळची नोंद. क्रोनोस क्वार्टेटने २००५ मध्ये राहुल देव बर्मन यांच्या गाण्यांचा संग्रह केला, त्यात आशा भोसले गायल्या आहेत, तबल्यावर झाकिर हुसेन आहेत आणि पिपेवर वू मान. बर्मनांच्या मूळ वाद्यमेळात गिटार आणि इतर छेडवाद्यांना मोठी जागा असते, आणि त्यातली काही कामे इथे पिपा करते. माझ्या कसोटीप्रमाणे पाहिले तर पिपा इथे निव्वळ बदली खेळाडू आहे, आणि तरीही मला तो संग्रह आवडतो. प्रत्येक वेळी वाद्याने इतिहास घडवावा अशी अपेक्षा ठेवू नये. चांगल्या साथीदाराचे कामही वादकाला आले पाहिजे.

आता मुलीबद्दल. तिचे वय आणि तयारी मला ठाऊक नाही, म्हणून जपूनच सांगतो. गुरूंकडे तालीम सुरू असण्याच्या काळात तिला अशा प्रयोगांत घालू नये, याबद्दल माझे मत ठाम आहे. वू मान पदव्युत्तर शिक्षण संपवून बाहेर पडल्या. चार राग चांगल्या रीतीने मांडता येण्याआधी चौकडीबरोबर वाजवले, तर चौकडीचीच सवय हाताला लागते आणि आलाप आखडतो. पण दोन गोष्टी आत्तापासून करता येतात. पहिली म्हणजे पाश्चात्त्य स्वरलेखन वाचायला शिकणे. गुरूंना ते आवडणार नाही असे काहींना वाटते. माझा अनुभव असा की रियाजात अडथळा येत नसेल तर कुणी हरकत घेत नाही. दुसरी म्हणजे दुसऱ्याने ठरवून दिलेली गोष्ट, आपली भर न घालता, नेमक्या लांबीत वाजवण्याचा सराव. जुन्या मसीतखानी गती, म्हणजे सतारीच्या ठरलेल्या बांधणीच्या संथ रचना, जशाच्या तशा, एकही तान न घेता वाजवून पाहणे, हा त्यासाठी उत्तम अभ्यास आहे आणि तो पूर्णपणे आपल्या परंपरेतला आहे.

पुढे कधी एखाद्या रचनाकाराबरोबर काम करण्याची वेळ आली, तर त्याला घरी बोलावून सतार दाखवावी. मींड कोणत्या पडद्यावर किती स्वरांपर्यंत जाते, कोणत्या पडद्यावर ती घेता येत नाही, तरफा कशा मिळवल्या आहेत आणि पट्टी बदलली तर त्या पुन्हा मिळवायला किती वेळ लागतो, झाला किती वेळ सलग चालू शकतो आणि तो मंद कसा करता येतो, हे सगळे ध्वनिमुद्रित करून त्याच्याकडे सोपवावे. रचना मागताना ती सतारीच्या पट्टीतच मागावी. चौकडीला कोणतीही पट्टी चालते, सतारीला चालत नाही, आणि हे आधी सांगितले नाही तर सरावाच्या पहिल्या दिवशी खुंट्या पिळत बसण्याची वेळ सतारवादकावरच येते.